अर्ध्या ड्रमची शेगडी

परवा इथे कुवेतला, एगैला भागातल्या मॉलमध्ये मुलगा आणि सून हीटरपुढे उभे राहून वाद घालत होते... मोठा घ्यायचा की लहान. नातीने मला विचारलं, "दादी, विच वन?" आणि मला एकदम हसूच फुटलं. हा वाद आमच्या घरात कधीच होऊन गेलाय गो बाय!

साठ सालानंतरची गोष्ट. मी नुकतीच रत्नागिरीकडच्या गावातून बोटीने कुवेतला आले होते, कडेवर सहा महिन्यांची जमीला. लग्न झाल्यापासून हे इकडे आणि मी गावी... ह्यांच्या सुट्टीपुरता काय तो संसार. आता कुठे एका छपराखाली आलो होतो.

आम्ही राहायचो ते फिंतास तेव्हा समुद्राकाठचं लहानसं गाव होतं. आमची एकच खोली, पुढे अंगण. वाळवंटात थंडीही पडते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! डिसेंबरात उत्तरेचा वारा सुटला आणि जमीलाची छाती भरली. तिची घरघर ऐकून माझा जीव थाऱ्यावर राहीना.

हे म्हणाले, "पोरीला थंडी सोसत नाय. अशीच राहिली तर पुढच्या बोटीने तुम्हां दोघींना गावाला धाडतो." पुन्हा तेच दूर राहणं नको होतं मला.

मग शेगडी घ्यायचं ठरलं. पत्रेवाल्याकडे दोन होत्या... तेलाच्या ड्रमच्या, आत लाकूड जाळायचं आणि धुराचा पाइप खिडकीतून बाहेर काढायचा. एक अर्ध्या ड्रमची, एक अख्ख्या ड्रमची. ह्यांनी अख्खी आणली.

त्यालाही कारण होतं. आमच्या गावचे बरेच पुरुष इथे एका खोलीत राहायचे, कोणी शिंपी, कोणी भटारखान्यात, कोणी गोदामात. शुक्रवारी नमाज झाली की सगळे आमच्याकडे जेवायला, कारण गावची बाई अशी मी एकटीच! शेगडी आल्यापासून तर येणाऱ्या प्रत्येकाच्या काखेत जाळायला म्हणून मालाच्या खोक्याची एक लांब फळी असायची. लहान शेगडी घेणं म्हणजे ह्या माणसांना 'येऊ नका' म्हणून सांगणं, असं ह्यांचं म्हणणं.

पण त्या मोठीने आमची पार दैना केली. पेटली की खोलीची भट्टी व्हायची... घामाच्या धारा लागल्या की हे तिच्या हवेचं झाकण लावून टाकायचे. मग आतली लाकडं धड जळत नसत, धड विझत नसत, नुसती धुमसत राहायची.

आम्ही कोकणातली माणसं. आमच्या चुलीचा धूर कौलांमधून आपला आपण निघून जातो, त्याची वाट कोंडली की काय होतं हे आम्हाला काय ठाऊक! पाइप काजळीने भरला आणि धूर खोलीत फिरायला लागला. दार लावावं तर धूर, उघडावं तर वारा... जमीलाचा खोकला आणखी वाढला.

ह्यांनी बोटीची चौकशी सुरू केली.

मला सारखी आठवत होती ती माहेरची शेकशेगडी. बाळंतिणीच्या खाटेखाली ठेवायची ती, जेमतेम पसाभर निखाऱ्यांची... पण आग कशी, लालबुंद आणि बिनधुराची. ह्यांना म्हटलं, आपल्या एवढ्याशा खोलीला लहानच आग हवी, पण चांगली पेटलेली. ह्यांचं एकच, गाववाले काय म्हणतील?

त्या शुक्रवारी मंडळी जेवत असताना मी पडद्याआडून बोलले. त्याआधी कधी बोलले नव्हते. "मामू, ही शेगडी तुमच्या खोलीवर न्या. आम्हाला लहान बरी... ह्या धुराने माझ्या पोरीचा श्वास कोंडतोय."

जेवणारे हात थांबले. मग त्यांच्यातले वडीलधारे हसनमामू म्हणाले, "बरा बाय." बस, एवढंच. शेगडी थंड झाल्यावर चौघांनी ती हातगाडीवर घातली आणि नेली.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या ड्रमची आली. चार काटक्यांत खोली ऊबदार, धुराचं नाव नाही... आणि त्या आठवड्यात जमीलाची घरघर हळूहळू कमी झाली. मी सुखावले, पण ह्यांचं तोंड उतरलेलंच. "परमुलखात हीच माणसं आपली, आणि तू त्यांना तोडलंस," एवढंच म्हणाले.

पुढचा शुक्रवार आला. मी नेहमीसारखा टोपभर भात टाकला, सुरमईचं सालन केलं. नमाज सुटून कितीतरी वेळ झाला, अंगणात कोणी नाही. हे दारात उभे. मनात आलं, पोरीसाठी मी अख्खा गाव दुखावला की काय!

आणि मग अंगणाचं दार वाजलं. पुढे हसनमामू, मागे सगळे, एकही कमी नाही. प्रत्येकाच्या काखेत फळ्यांची जुडी, आणि सगळ्या फळ्या हातभर लांबीच्या... कापून आणलेल्या. त्यातच त्यांना उशीर झाला होता.

"लांब फळ्या तुझ्या शेगडीच्या तोंडात कशा जायच्या गो?" मामू म्हणाले आणि चपला काढून आत आले. अर्ध्या ड्रमच्या शेगडीभोवती सगळे गुडघ्याला गुडघा लावून बसले. मी पडद्यामागे पदर तोंडाशी धरून रडले. ह्यांनी बोटीचा विषय पुन्हा काढला नाही.

मॉलमधून आम्ही लहानच हीटर आणला. जमीला आता स्वतः आजी झालीय. त्या मंडळींपैकी आज कोणीच राहिलं नाही... थंडी पडली की मी त्यांच्यासाठी दुआ मागते. सुट्टीचा एकच दिवस मिळायचा त्यांना, आणि तो त्यांनी माझ्या लेकीसाठी फळ्या कापण्यात घालवला.