शोरूममध्ये ऐकलेला डावा हात

कॉलेज रोडवरच्या एका साउंड सिस्टिमच्या शोरूमवाल्याने मला फसवलं. दोन स्पीकर दाखवले आणि तीन वाजवले. तिसरा पडद्यामागे होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण ही हकिकत मी ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांनी मध्येच "तुमच्या ऐकण्यात काही घोळ झाला असेल" म्हणून मला तोडलं आहे. घोळ झाला नाही. फसवणूक झाली.

नुसती पैशांची असती तर मी ती पचवली असती. मखमलाबादच्या मळ्यातून सायकलवर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या लादून मी पंचवटीतल्या मार्केटात जायचो, तिथपासून सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत द्राक्षांच्या खोक्यांचा कारखाना काढण्यापर्यंत मला कितीतरी जणांनी बुडवलं. पैसा जातो, येतो. इथे प्रश्न माझ्या वडिलांच्या डाव्या हाताचा होता.

वडील मळा करायचे आणि गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. पखवाजाच्या उजव्या तोंडाला शाई असते, तिचा आवाज कडक, ठणठणीत. डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक थापावी लागते, तेव्हा कुठे तो खोल, घुमणारा आवाज निघतो. संध्याकाळी आई कणकेचा गोळा बाजूला काढून ठेवायची, आईनंतर माझी बायको ठेवू लागली. भजन संपलं की वडील ती कणीक खरवडून काढत आणि गाईला घालत. लहानपणी मी देवळात त्यांच्या मागे सतरंजीवर आडवा व्हायचो. उजवा हात कानाला ऐकू यायचा. डावा फरशीतून यायचा, थेट बरगड्यांत.

ते गेले तेव्हा मागे एकच कॅसेट उरली. माझ्या मामेभावाने सप्ताहात टू-इन-वन रेडिओ-टेप मांडीवर घेऊन भरलेली. घरच्या टेपवर ती लावली की टाळ ऐकू येत, गाणाऱ्यांचं घसा साफ करणं ऐकू येई, उजव्या हाताची बोटं ऐकू येत. डावा हात नाहीच. जणू वडील एक हात मागे बांधून वाजवत होते. ते ऐकून मला चैन पडायची नाही. मी टेप बंद करायचो आणि पुन्हा लावायचो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझ्याकडून खोकी नेणारा एक द्राक्ष निर्यातदार म्हणाला, "कॅसेटमध्ये सगळं असतं, शेठ. तुमची मशिनच ते बाहेर काढत नाही. चांगला ॲम्प्लिफायर, चांगले स्पीकर घ्या." दुसऱ्याच दिवशी, सिन्नरहून येता येता, मी शोरूमसमोर गाडी उभी केली.

आत जाताना चपला काढायला लावल्या. गालिचा, एसी, मध्ये एक सोफा, समोर दोन उंच लाकडी स्पीकर आणि त्यांच्या मागे भिंतभर मरून पडदा. मालक माझ्याहून लहान, गोरा, हळू बोलणारा. त्याने आधी काहीतरी परदेशी लावलं. त्यात काच फुटत होती आणि एक बाई कुजबुजत होती.

"काय क्लिअर आहे बघा, साहेब."

"काच फोडायला मला माणसं ठेवावी लागत नाहीत," मी म्हणालो. "ही कॅसेट लावा."

मेलेला उंदीर धरावा तशी त्याने ती दोन बोटांत धरली. पण लावली.

आमच्या बाजारात एक रीत आहे. गोणीतून किंवा क्रेटमधून मूठभर माल काढून दाखवतात, ती वानगी. शहाणा माणूस वानगीकडे बघून हो म्हणत नाही, गोणीच्या तळाला हात घालतो. मी तेच केलं. त्याने एक ॲम्प्लिफायर लावला, मग दुप्पट महागाचा दुसरा लावला, आणि म्हणाला, "फरक कळला?"

"कळला. दुसऱ्याच्या वेळी तुम्ही आवाज वाढवलात."

"नाही हो, साहेब."

"तुमचा अंगठा बघत होतो मी. मोठा आवाज सगळ्यांनाच गोड लागतो. आता दोन्हीकडे सारखा ठेवा, मी पाठ करून बसतो."

तो हसला आणि त्याने सारखा ठेवला. त्या क्षणी मला वाटलं, तळापर्यंत हात गेला. मी पाठ करून बसलो, तो वायरी बदलत राहिला. मध्ये एकदा "वायर सैल आहे" म्हणून पडद्यामागे गेला आणि आला. मग पुन्हा तीच कॅसेट लागली, तोच अभंग, आणि टाळांच्या खालून वडिलांचा डावा हात आला.

कानाला नाही, तळपायाला आला. गालिच्यातून वर. मी एकदम उभा राहिलो आणि स्पीकरच्या मागचं लेबल वाचायला वाकलो. भाव करणाऱ्याने तोंड दाखवायचं नसतं, आणि माझं तोंड त्या वेळी दाखवण्यासारखं नव्हतं.

भाव मात्र मी केलाच. दोनदा उठून दारापर्यंत गेलो, एकदा चपलाही घातल्या. ॲम्प्लिफायर आणि स्पीकरच्या पैशांतच स्टँड, वायरी आणि कॅसेट डेक घेतला. शेवटी म्हणालो, "बंद खोक्यातला माल मला नको. मी खोकी बनवतो, खोक्यात काय घालतात ते मला ठाऊक आहे. ही जी जोडी ऐकली तीच द्या."

"डेमोचीच? शेठ, सगळे नवीन मागतात."

"सगळे फसतात."

त्याने कॅसेट काढून माझ्या हातात दिली. मग म्हणाला, "तुमच्यासारखं गिऱ्हाईक बघितलं नाही." तो आत बिल करायला गेला तेवढ्यात मी दोन्ही स्पीकरच्या बुडाला किल्लीने बारीक फुली मारली. बाजारात क्रेट बदलू नये म्हणून आम्ही खूण करतो, तशी.

घरी माल आला. हॉलमध्ये मांडला. बायकोला समोर बसवलं, कॅसेट लावली. टाळ असे लखलखीत की एकेक टाळ मोजावा. गाणाऱ्याचा श्वास ऐकू आला. उजव्या हाताची बोटं शाईवर कुठे पडली तेही कळलं. डावा हात नाही.

"छान आहे की," बायको म्हणाली.

"छान काय? डावा कुठे आहे?"

स्पीकर मी भिंतीला लावले, भिंतीपासून ओढले, कोपऱ्यात कोंबले. फरशीवर गालिचा टाकला. भिंतींवर गोधड्या टांगल्या. शेजारीण विचारून गेली की घरात बाळंतीण आली का. कारखान्यात लक्ष लागेना. दुपारी सिन्नरहून मध्येच निघून घरी यायचो, स्पीकर वीतभर हलवायचो, पुन्हा घाट चढून जायचो. बायको म्हणाली, "अहो, देवघर हलवायचं राहिलंय, तेही हलवा म्हणजे झालं."

शोरूमवाल्याला फोन केला. तो म्हणाला, रूमचा दोष आहे. पुढच्या वेळी म्हणाला, स्पीकर मोकळे व्हायला वेळ लागतो, वाजवत राहा. मग माझी खात्रीच झाली, जोडी बदलली. मी फोनवरच त्याला चोर म्हणालो. तो शांतपणे घरी आला, गोधड्यांकडे बघितलं. मी स्पीकर उलटा केला. बुडाला माझी फुली होती. दुसऱ्याला पण होती.

"ही तुमचीच खूण ना, शेठ?" तो म्हणाला. म्हणजे त्याला माहीत होतं. माल पाठवताना त्याने ती बघितली होती आणि गप्प राहिला होता. बायको पदराआड हसत चहा टाकायला गेली.

माल तोच, कॅसेट तीच, डेक त्यानेच दिलेला. मग वेगळं काय? खोली. म्हणून एका रविवारी मी न सांगता शोरूमला गेलो. सोफ्यावर एक डॉक्टर आणि त्यांच्या बाई बसले होते, दुसऱ्याच जोडीचा डेमो चालू होता. आणि पायाखालून तीच धडधड येत होती. तीच, माझ्या ओळखीची.

मी स्पीकरजवळ गेलो आणि लाकडावर तळहात ठेवला. फारसं काही नाही. भिंतीकडे सरकलो.

"शेठ, तिकडे नको, वायरी आहेत."

मी भिंतीला हात लावत लावत चाललो. जिथे हात थरथरला तिथे पडदा उचलला. मागे गुडघ्याएवढा काळा डबा होता, तोंड जमिनीकडे. मी त्याचा प्लग ओढला. सोफ्यावरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अय्या, आवाज बसला."

"हा कोण?" मी विचारलं.

"सबवूफर. खालचा, घुमणारा आवाज काढतो. लपवलेला नाही, शेठ. डेमो रूमला लागतोच. सगळे लावतात."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही म्हणालात, ही जोडी ऐकली, हीच द्या. मी हीच दिली."

मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. डॉक्टर आणि बाई उठून गेले. शेवटी मी म्हणालो, हा डबा आत्ता माझ्या गाडीत ठेवायचा, एक पैसा न घेता. त्याने ठेवला. स्वतः उचलून ठेवला.

घरी पोचल्यावर गाडीचं दार उघडायच्या आधी मी बायकोला हाक मारली. डबा जोडला, कॅसेट लावली. फरशी हलली. मी तिच्याकडे बघितलं. ती डोळे मिटून ऐकत होती. कणीक तिने मळलेली होती, वडिलांच्या शेवटच्या भजनांना ती रोज देवळात असे.

"आला ना हात?" मी म्हणालो.

"थांबा." तिने कॅसेट मागे घेऊन पुन्हा लावली. एका जागी कुणीतरी टेपला धक्का देतो, ठक्क असा आवाज आहे. तिथे डबा घुमला, धुम्. पुढे एक म्हातारा खोकतो. धुम्. "मामंजी कधी दाबून मारायचे, कधी नुसता हात ठेवायचे," ती म्हणाली. "हे सगळ्यांना सारखंच घुमवतंय. मामंजींना आणि त्या खोकणाऱ्याला पण."

मी डब्याच्या मागचं बटण कमी केलं. हात नाहीसा झाला. थोडं वाढवलं, खोकला घुमायला लागला. मधली कुठलीतरी जागा असणार, जिथे फक्त वडील असतील. ती मी किती शोधली ते सांगत नाही. कधी वाटायचं सापडली, आणि बायको स्वयंपाकघरातूनच "नाही" म्हणायची. पुढे तिने म्हणणं सोडलं. मला तर त्या दिवशीच्या सोफ्यावर काय ऐकलं हेही आता नीट आठवेना. देवळातल्या फरशीतून यायचं ते आठवायला गेलो की तो काळा डबाच वाजायचा. माझ्याकडे जे आधीपासून होतं, त्यातही त्याने भेसळ केली.

शोरूम पुढे बंद झालं. आता तिथे मोबाइल विकतात, गल्ल्यावर तोच बसतो. मी गेलो तेव्हा म्हणाला, "शेठ, अजून तेच? डबा फुकट दिला ना तुम्हाला?"

दिला. डबा दिलात, उत्तर दिलं नाहीत. पडद्यामागे वायर सैल आहे म्हणून तुम्ही गेलात, तेव्हा मी पाठ करून बसलो होतो. ते बटण तुम्ही किती फिरवलंत? माझ्या कॅसेटमध्ये डावा हात होता म्हणून तो तुम्ही वर काढलात, की काहीच नव्हतं आणि तुम्ही नुसतं घुमवलंत? हे जगात फक्त तुम्हाला माहीत आहे. मला पैसे नकोत, माल परत घ्या असंही म्हणत नाही. गल्ला सोडून माझ्या हॉलमध्ये या, कॅसेट लावतो, बटणाला तुम्ही हात घाला आणि माझ्या बायकोसमोर सांगा, मी त्या दिवशी कुणाला ऐकलं.