लवकरच

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतर भरणाऱ्या आमच्या गावजत्रेच्या, नाटकात आमच्या शेजाऱ्याने बावीस वर्षे प्रॉम्प्टरचे काम केले. विंगेत पाटावर बसायचे, मांडीवर वही ठेवायची आणि बाहेर जो अडखळेल त्याला पुढचे वाक्य पुरवायचे. यंदा राजाचे काम करणारा माणूस मुलाकडे नागपूरला राहायला गेला आणि समितीने शेजाऱ्याला राजा केले. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी तो पहिल्यांदा उजेडात येणार होता. त्याला मांडव भरलेला हवा होता, एवढेच.

आड आला तो सिनेमा. दोन वर्षांपूर्वी पहिल्या भागाच्या शेवटी नायकाला विहिरीत ढकलून निर्मात्यांनी दिवे लावले होते, आणि तेव्हापासून निम्मा जिल्हा त्या विहिरीत डोकावत बसला होता. दुसऱ्या भागाचे पोस्टर गोंदियाच्या थिएटरवर लागले. त्यावर नायकाचा हात, विहिरीचा काठ आणि ‘लवकरच’ एवढा शब्द. तारीख नाही.

शेजारी संध्याकाळी माझ्याकडे आला. मी निवृत्त शिक्षक, घरी दोन वर्तमानपत्रे येतात, त्यामुळे असल्या गोष्टी मला ठाऊक असतात असा त्याचा समज.

“गुरुजी, एवढा पैसा लावला, मंग तारीख काऊन नाही सांगून राहिले?”

प्रश्न माझ्याही डोक्यात राहिला. आमची मंडई भाऊबीजेनंतरच्या शुक्रवारी. तिचे पोस्टर नसते, तरी पंचक्रोशीतल्या लेकीबाळी, व्याही, जावई बरोबर त्या दिवशी हजर. आणि ज्यांच्याकडे विमाने आहेत, त्यांना स्वतःच्या सिनेमाचा दिवस सांगता येत नाही. हे गूढ की नुसता गोंधळ, ते पाहावे म्हणून मीही चौकशीला लागलो.

थिएटरच्या दारावरचा माणूस म्हणाला, खुर्च्यांना नवे कापड लागले की समजायचे. मोबाइल दुरुस्तीवाल्याने हिंदीत छातीठोक सांगितले की दिवाळीनंतरचा पहिला शुक्रवार पक्का आहे. त्याच्या मेहुण्याचा मित्र मुंबईत होता. मित्र काय करतो, हे त्याला माहीत नव्हते. समितीच्या अध्यक्षांचा तर्क सर्वांत भारदस्त होता. धान कापून होईपर्यंत माणसांना सवड नाही, म्हणजे निर्माता त्याआधी सिनेमा लावणारच नाही. मुंबईतला निर्माता आमच्या बांधावर उभा राहून लोंब्या चाचपतो आहे, हे चित्र मला फार आवडले. मी हसलो नाही, कारण बाकीचे मान डोलावत होते.

सगळे तर्क फिरून मंडईच्याच शुक्रवारपाशी येऊन थांबले. पोरे गोंदियाला पळणार, मांडवात म्हातारे उरणार. समितीने मंडई दोन दिवस अलीकडे, बुधवारी घेतली. मोबाइलवरून सगळ्यांना कळवलेही. ठरावावर माझीही सही होती.

बुधवारी सकाळी, मांडव घालून झाल्यावर, बातमी आली की सिनेमा पुढे ढकलला. नवे पोस्टर निघाले. त्यावर पुन्हा ‘लवकरच’.

नाटक झाले. राजा चांगला बोलला, पण मांडव निम्माही भरला नाही. पाहुणे आलेच नव्हते. ते आले शुक्रवारी. मोबाइलवरचा निरोप बहुतेकांनी वाचला नव्हता, ज्यांनी वाचला त्यांना ती थट्टा वाटली. मंडईचा दिवस कोणी निरोप पाठवून बदलतो का? पिशव्या, लेकरे, चिवड्याचे डबे घेऊन माणसे एसटीतून उतरली, आणि मैदानात मांडवाचे खड्डे तेवढे होते.

शेजाऱ्याची थोरली बहीणही आली होती, सालेकशाकडून, दोन बसगाड्या बदलून. तिला सारा प्रकार कळला, तेव्हा ती भावाला म्हणाली, “मी कायले आली मंग? दाखव आता.”

बाकीचे नट उरलेले धान कापायला गेले होते. शेजाऱ्याने चपला काढल्या. मग शाळेच्या व्हरांड्यात चढला आणि भर दुपारी, रंग नाही, मुकुट नाही, राजाचा प्रवेश सुरू केला. प्रधानाचे वाक्य आले, तेव्हा तेही त्यानेच म्हटले. मग सेनापतीचे. मग राणीचे, आवाज बारीक न करता, नुसती मान किंचित खाली घालून. एकही शब्द अडला नाही. पाहुणे पायऱ्यांवर बसले, उरलेले कडुनिंबाखाली दाटीने उभे राहिले. राणी वनवासाला निघाली, तेव्हा चिवडा खाणारेही थांबले.

संपल्यावर तो घाम पुसत बहिणीसमोर येऊन बसला. नजर तिच्या तोंडावरून हलेना.

तिने डोळे पदराने टिपले. “राजा ठीकच होता,” ती म्हणाली. “राणी मातर चांगली केलीस गा.”