घरातले बटण, खोपीतला दिवा

आबांनी आपला दिवा स्वतःच्या हाताने कधीही लावला नाही. मी त्यांच्या शेजारी कित्येक वर्षे काढली, पण त्यांचे बोट बटणावर गेलेले मी एकदाही पाहिले नाही. कारण साधे होते. दिवा त्यांच्या खोपीत होता आणि त्याचे बटण मधली सगळी वाडी ओलांडून घरात, स्वयंपाकघरातल्या देवांच्या फळीशेजारी होते. तिन्हीसांजेला त्यांची सून सुलोचना देवापुढे निरांजन लावी आणि मग तिचा तोच हात भिंतीवरच्या बटणाकडे जाई. वाडीच्या दुसऱ्या टोकाला आबा उंबऱ्याशी बसलेले असत. डोक्यावरचा पिवळा दिवा लागला की ते हात जोडीत. ते देवाला जोडीत की घराला, हे मी कधी विचारले नाही.

मी त्या काळी गोडदेवला भाड्याच्या खोलीत एकटा राहत असे. भाईंदरच्या सरकारी कचेरीबाहेर ताडपत्रीखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिणे हा माझा व्यवसाय. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले, तथापि माझा अर्ज हातात पडला की कारकून चष्मा लावून वाचीत असत, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. माझ्या खोलीची खिडकी आबांच्या वाडीवर उघडत असे. भोवताली इमारती उठत होत्या, पण मधोमध ती वाडी तेवढी शिल्लक होती. तोंडलीचा मांडव, मोगऱ्याचे ताटवे, विहीर, एका टोकाला कौलारू घर आणि दुसऱ्या टोकाला खोप. खोप म्हणजे फावडी, पाट्या आणि बियाणे ठेवण्याची कुडाच्या भिंतींची जागा. आबा मला ‘वकील’ म्हणत. मी वकील नाही, असे प्रारंभी एकदोनदा सांगून पाहिले, पुढे सोडून दिले.

पत्नी वारल्यावर आबांनी आपला बिछाना खोपीत नेला. त्यांना खोकला होता आणि आपल्या खोकल्याने नातवंडांची झोप मोडते हे त्यांना सहन होत नसे. गावात याची चर्चा झाली. म्हाताऱ्याला सुनेने बाहेर काढले, असे विहिरीवरच्या बायका म्हणू लागल्या. तेव्हा आबा हंडा भरणाऱ्या एकीला म्हणाले, “मी घर सोडलं न्हाय गो. निस्ता बिछाना हलवला.”

त्यांचा मुलगा हरी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात कामाला होता. सरळ, कष्टाळू, कमी बोलणारा. बाप कंदिलावर दिवस काढतो हे त्याला आवडेना, म्हणून त्याने घरातून खोपीपर्यंत वीज न्यायचे ठरवले आणि एका रविवारी वायरमन आणला. घरापासून खोपीपर्यंत वाटेत दोन खांब पुरले गेले, त्यांवरून जस्त चढवलेली तार ताणली आणि तिच्या आधाराने काळी वायर शेवग्याच्या फांद्यांतून पलीकडे गेली. शेवटी बटणाची पाटी ठोकायची वेळ आली. वायरमनने खोपीच्या कुडावर हातोडी आपटून पाहिली, तशी आतली माती भसाभस गळली.

“बाबा, बोर्ड किधर ठोकूं? ये दिवाल नहीं, पापड है.”

“मंग पापडाला ठोकू नको,” आबा म्हणाले. “घरात ठोक.”

“और रात को बंद कौन करेगा?”

“जी लावंल तीच.”

वायरमनने माझ्याकडे पाहिले. मी आबांना समजावले की, लाकडाची एक फळी उभी करून तिच्यावर बटण बसवता येईल. एवढेच नव्हे, तर खोपीसाठी स्वतंत्र मीटरचा रीतसर अर्ज मी स्वतः लिहून देईन आणि तो नामंजूर करणे कोणत्याही साहेबाला अवघड जाईल. आबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“वकील, मीटर वेगला झाला की चूल वेगली झाली. माजी वीज माज्या घरातूनच येऊ द्या.”

आणि ती तशीच आली. त्या तारेतून केवळ वीज येत नव्हती, हे मला हळूहळू उमगले. जेवण तयार झाले की सुलोचना दिवा दोनदा मिचकावी आणि आबा काठी घेऊन निघत. घरात भांडण झाले तर ते त्यांना दिव्यावरून कळे. एका संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसलो असता दिवा लागला आणि आबा पुटपुटले, “आज सूनबाई रागात हाय. हरीनं कायतरी केलान.” दिवा रागाने कसा लागेल, असे मी विचारले. “फाटकन लागला ना! रोज कसा, जपून लागतो.” मला त्यात काहीही फरक दिसला नव्हता. पण थोड्याच वेळाने हरी स्वतः खोपीकडे आला आणि बापाशेजारी बसून राहिला, तेव्हा आबांनी माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला. वीज गेली तर ते खुशीत असत. सगळीकडेच अंधार आणि मग घराकडून हरीची हाक येई, “आबा, बरे हाव ना?” तेवढ्या हाकेसाठी वीज आणखी थोडी जावी, असे त्यांना वाटत असावे.

सणासुदीला मलाही त्यांच्या पंगतीला बोलावणे असे. तेथे आबांची आणखी एक खोड मी पाहिली. भाकरी वाढायला आली की ते पहिल्यांदा ताटावर हात आडवा धरीत. “राहू दे, पोट भरला.” सुलोचनाला हे पाठ होते. ती म्हणे, “घ्या हो आबा, अर्धी तरी घ्या,” आणि हात निघे. अर्धीच्या जागी ते दोन खात. मी एकदा या नाटकाबद्दल त्यांना छेडले.

“पयल्यांदा इचारतात ती रीत,” आबा म्हणाले. “दुसऱ्यांदा इचारतात ते पोटातून.”

मला हे पटले, कारण माझ्या धंद्यातही तेच आहे. पहिला अर्ज कचेरीत नुसता दाखल होतो. काम होते ते स्मरणपत्राने. मी आबांना तसे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “म्हंजे सरकार पन जेवायलाच बसलाय.”

पुढे हरीने मीरा रोडला जागा घेतली. मुलांची शाळा जवळ, स्टेशन जवळ, नळाला पाणी. घर सोडायच्या आदल्या रविवारी तो खोपीच्या दाराशी आला. मी तेथेच होतो.

“आबा, तुम्ही पन चला तिकडं.”

“राहू दे रे,” आबा म्हणाले. “वाडी कोन बघंल?”

हरीने वाडीकडे एकदा पाहिले. मग म्हणाला, “बरं. तुमची मर्जी.” आणि वळून घराकडे गेला. आबांचा हात दाराच्या चौकटीवर होता. तो बराच वेळ तेथेच राहिला.

सामान टेम्पोत चढले त्या दिवशी सुलोचना रडली. हरीने घराला कुलूप घातले आणि किल्ली विश्वासाने माझ्याकडे दिली. निघताना तो बापाला म्हणाला, “लाइट चालूच ठेवलाय, आबा. बटन बंद करायचं न्हाय, लावायचं न्हाय. तुम्हाला ताप नको.”

त्याने ते प्रेमानेच केले होते, यात मला शंका नाही. पण तेव्हापासून खोपीतला दिवा रात्रंदिवस जळू लागला. भर दुपारी, उन्हात, मोगरा खुडणाऱ्या आबांच्या पाठीमागे तो पिवळा ठिपका दिसे आणि मला खिडकीतून तिकडे पाहवत नसे. किल्ली माझ्याकडेच होती. रोज तिन्हीसांजेला जाऊन मी दिवा लावीन आणि झोपायच्या वेळी बंद करीन, असे मी आबांना सुचवले.

“तुमी भले मानूस, वकील. पर तुमी शेजारी.” मग दिव्याकडे न पाहता म्हणाले, “आदी तो दिवा होता. आता निस्ती वीज हाय.”

हरी अधूनमधून रविवारी येई. तांदूळ, रॉकेल, खोकल्याचे औषध ठेवी आणि तब्येत विचारी. परंतु ‘चला’ हा शब्द त्याने पुन्हा काढला नाही. वडील एकदा नको म्हणाले म्हणजे नको, तोच विषय पुन्हा काढणे म्हणजे त्यांचा शब्द मोडणे, असे त्याला वाटत असावे. मी आबांना म्हणालो, मी हरीला चार ओळी लिहितो, माझ्या लेखणीपुढे तो तरी काय करील. आबांनी तेथल्या तेथे मला शपथ घातली.

“सांगून इचारलान, तर ता इचारनं कसला?”

खोपीच्या कोपऱ्यात त्यांची पत्र्याची पेटी होती. पूर्वी ती बियाण्याच्या पोत्यांखाली असे. हरी गेल्यानंतर ती दाराजवळ आली होती आणि तिला दोरी बांधलेली होती. आबांचे धुतलेले धोतर दोरीवरून काढले की पुन्हा त्याच पेटीत जाई आणि दोरी पुन्हा आवळली जाई. याबद्दल आम्ही दोघेही कधी बोललो नाही.

पुढे एका संध्याकाळी खोपीत अंधार दिसला. मी धावतच गेलो. आबा नेहमीच्या जागी उंबऱ्याशी बसले होते. बल्ब गेला होता. केव्हा गेला, तेही त्यांना सांगता येईना. त्यांचा आवाज खोल गेला होता आणि स्टोव्हवरचा भात तसाच होता. दुसऱ्या दिवशी मी टेबल न मांडता हरीच्या कारखान्यावर गेलो. घातलेली शपथ मी पाळली. आबांच्या खोपीतला बल्ब गेला आहे, एवढेच त्याला सांगितले.

तो त्याच दिवशी कामावरून परस्पर आला. कागदात गुंडाळलेला नवा बल्ब त्याच्या खिशात होता. त्याने तो बसवला, दिवा लागला, आणि त्या उजेडात त्याने बापाकडे पाहिले. मला वाटते, फार दिवसांनी नीट पाहिले. आबांच्या सदऱ्याआडून खांद्यांची हाडे दिसत होती.

“आबा,” तो म्हणाला, “चला आता घरी.”

“राहू दे. मी हितं बरा हाय.”

हरीने हात पुसले. जुना बल्ब कागदात गुंडाळला. तो वाकून दाराबाहेर पडला, चप्पल घालू लागला. आबांची नजर जमिनीवर होती आणि कोपऱ्यातली ती दोरी बांधलेली पेटी आम्हा तिघांच्या मधोमध होती. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या वतीने मागत आलो, पण इतके छोटे मागणे मी कधी मागितले नव्हते.

“हरिभाऊ,” मी म्हणालो, “आणखी एकदा म्हणा.”

त्याने पायातली चप्पल पुन्हा काढली. मग खोपीत परत आला आणि बापासमोर उकिडवा बसला. “आबा, चला ना. सुलू रोज वाट बघते.”

आबा उठले. त्यांनी टोपी घातली, काठी घेतली आणि पेटीकडे बोट दाखवले. “ती घे. जड न्हाय.” माझ्यावर ते एका शब्दानेही रागावले नाहीत. रिक्षात बसल्यावर फक्त माझा हात धरला आणि म्हणाले, “वकील, तुमी लय बोलता.”

ते गेल्यावर मी किल्लीने घर उघडले, रिकाम्या स्वयंपाकघरात गेलो आणि बटण बंद केले. देवांची फळी ओकी होती. खिडकीतून खोप विझलेली दिसली. पुढे वाडी विकली गेली, तार उतरली आणि माझ्या खिडकीसमोर इमारतीची भिंत आली.

आबा मीरा रोडच्या घरात मोजके पावसाळे राहिले आणि तेथेच गेले. त्यांच्या हयातीत मी तेथे एकदाच गेलो होतो. खाली भाजीवाल्यांचा गलका, वर तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. हरी कामावर होता, सुलोचना मुलांना शिकवणीवरून आणायला गेली होती. आबा पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी वाडीची चौकशी केली; तोंडलीचा मांडव केव्हाच मोडला होता, पण मी खोटेच बरी आहे म्हणालो. बोलता बोलता अंधारून आले. बटण त्यांच्या उशालगतच, हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावर होते. मी उठू लागलो, तर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“बसा. ती येईल आता.”

आम्ही दोघे अंधारात बसून राहिलो. आबांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण ते सुखात होते हे कळत होते. जिन्यात पावले वाजली, दार उघडले, सुलोचना मुलांसह आत आली आणि काही न विचारता दिवा लावला. आबांनी हात जोडले.

“जपून लागला,” ते माझ्या कानाशी म्हणाले.

तिने मला जेवूनच जा म्हटले. मी राहू द्या म्हणालो. तिने पुन्हा म्हटले, आणि मी जेवलो. मग गोडदेवला परतलो, कुलूप काढले आणि माझ्या खोलीतला दिवा माझ्या हाताने लावला.