फोल्केचे नाव फळ्यावर का नाही

फोल्केला माझे कान दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. त्याच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. ज्याच्याकडे बघावे तेच नाहीसे होई, आजूबाजूचे तेवढे शिल्लक राही. कडा अजून वर्षभर टिकतील, असे डॉक्टरने सांगितले होते. सप्टेंबरमध्ये, नियोजनाच्या पहिल्याच बैठकीत त्याने हे आम्हाला सांगितले आणि त्याच दमात म्हणाला, "म्हणून या वर्षी यान मी उतरवणार. कुणाची हरकत?"

"माझी आहे," मायलिस म्हणाली. "तू उतरवलंस तर नियोजन कोण करणार? इंगमार? त्याला दुकानातून घरी यायचा रस्ता आखता येत नाही."

"नियोजनही मीच करणार."

"मग ठीक. बन घे, सकाळचा आहे."

आमचे चांद्रमंडळ, म्हणजे चंद्रावर खोटे खोटे यान उतरवणाऱ्या हौशी लोकांचा संघ, बोर्लेंगे शहरातल्या एका वसाहतीच्या तळघरात भरते. पूर्वी तिथे सगळ्या बिऱ्हाडांचे कपडे धुण्याची खोली होती. जमिनीत अजून पाणी जायची जाळी आहे, आणि तिच्यावरच आमच्या यानाची प्लायवूडची केबिन उभी आहे. आत दोघे जेमतेम उभे राहू शकतात. खिडकीच्या जागी संगणकाचा पडदा आहे. बटणे आणि काटे कागद गिरणीच्या मोडीत काढलेल्या नियंत्रण कक्षातून आणलेले. ते फोल्केने स्वतः सोडवून, एकेक चिठ्ठी लावून, सायकलच्या टोपलीतून आणले होते. शेजारच्या इस्त्रीच्या खोलीत मायलिस बसते. ती निवृत्त परिचारिका आहे आणि मोहिमेत बिघाड घालण्याचे काम तिच्याकडे आहे. कधी पंप बंद पाडते, कधी रेडिओ. ते ती फार मनापासून करते.

आम्ही आठ जण. वर्षाला एक मोहीम. सप्टेंबर ते मार्च नियोजन करायचे: चंद्रावरची जागा, सूर्याचा कोन, इंधन, कोण काय बोलणार. मार्चच्या एका शनिवारी यान उतरवायचे. त्या जागेवर आधी सराव करायचा नाही आणि दुसरी संधी मिळत नाही. उतरले तर उतरवणाऱ्याचे नाव भिंतीवरच्या फळ्यावर रंगवले जाते, आणि आपटले तरीही, फक्त पुढे फुली काढतात. तेव्हा फळ्यावर चौदा नावे होती, त्यांतली चार फुलीची. मायलिसचे नाव फुलीचे आहे. "खडकावर," ती पाहुण्यांना अभिमानाने सांगते. "एवढाच एक खडक होता तिथे, आणि तो मी शोधून काढला."

चौदा वर्षे त्या सगळ्यांच्या मोहिमा आखल्या फोल्केने. त्याचे स्वतःचे नाव फळ्यावर नव्हते.

तो सतराव्या वर्षी गिरणीत लागला आणि पासष्टाव्या वर्षी बाहेर पडला. मापकांची दुरुस्ती हेच त्याचे काम. खऱ्या माणसांनी चंद्रावर पाय ठेवला तेव्हा तो पाळीवर होता, वाफेच्या एका मापकापाशी. "सगळ्या जगानं बघितलं," तो म्हणायचा, "आणि मी सहा पूर्णांक दोन बघत होतो. बरोबर होतं ते, सहा पूर्णांक दोन." त्याच्या शेवटच्या दोन वर्षांत मी त्याच्या हाताखाली शिकाऊ होते. एकदा कडाक्याच्या थंडीत, शिडी चढायचा कंटाळा येऊन, मी वरच्या मापकाचा आकडा अंदाजाने लिहिला आणि खाली सही केली. त्याने कागद बघितला, टोपी घातली आणि मला घेऊन शिडी चढला. आकडा बरोबर निघाला. "बघ, बरोबर आहे," मी म्हणाले. "हो," तो म्हणाला, "पण तू बघितला नव्हतास." तेवढेच. पुन्हा कधी त्याने तो विषय काढला नाही. मंडळात मला त्यानेच आणले. संगणकावरचा सगळा कारभार हळूहळू माझ्याकडे आला.

त्या हिवाळ्यात त्याने आखलेली मोहीम मी अजून जपून ठेवली आहे. दरवर्षी आम्ही सपाट, मोकळी जागा शोधतो. त्याने शोधली ती डावीकडे लांबच लांब डोंगरकडा असलेली.

"हे कशाला?" इंगमारने विचारले. तो आमचा अध्यक्ष. "धडकायला?"

"मला मधलं काही दिसत नाही," फोल्के म्हणाला. "मग मधे काही नसलेलं बरं. तो कडा डाव्या कोपऱ्यात राहील. यान कललं की कडा कलेल, सरकलं की कडा सरकेल. मी कोपऱ्यातून उतरवणार. उंची आणि वेग तूवा वाचून दाखवेल."

तूवा म्हणजे मी.

दुसऱ्या जागांवर आम्ही अकरा सराव केले. पहिले आठ आपटले. मायलिस प्रत्येक वेळी इस्त्रीच्या खोलीतून ओरडायची, "अंत्यविधीला कॉफी मिळणार का?" आणि फोल्के हसायचा, पण केबिनमधून बाहेर येताना दाराची चौकट हाताने चाचपायचा. शेवटच्या तीनपैकी दोन मात्र उतरले. मी ते दोन मोजायला हवे होते. मी आठच मोजत राहिले.

आमच्या संगणकात एक सोय आहे. मे महिन्यात शाळेची मुले येतात तेव्हा ती आम्ही चालू करतो. मुले यान वळवायचा दांडा कसाही ओढोत, यान आपणच सरळ होते, आपणच हळू होते आणि अलगद टेकते. मुले खूश होऊन घरी जातात. आम्ही तिला शाळेची मदत म्हणतो.

त्या शनिवारी सकाळी, सगळे कोट काढत असताना, मी ती चालू केली.

दुपारी बाराला उतरणे सुरू झाले. मी केबिनमध्ये त्याच्या उजवीकडे उभी होते. पंधरा किलोमीटरवरून दीडशे मीटरपर्यंत यंत्रच यान आणते. मायलिसने मध्येच एक मापक बंद पाडला. "तो मेला," फोल्के म्हणाला, "दुसऱ्यावर जा," आणि मी गेले. दीडशे मीटरवर त्याने दांडा हातात घेतला.

"एकशे वीस. चार खाली," मी वाचत होते. "नव्वद. तीन खाली. साठ. दोन."

त्याची मान थोडी उजवीकडे वळलेली होती, म्हणजे डावा कोपरा नीट दिसेल. मोजे चढवलेले पाय, गिरणीचा जुना निळा सदरा. त्याने एकदा दांडा डावीकडे जरा जास्तच ओढला. ते मी बघितले. पडद्यावरचा कडा हलला नाही. त्याने पुन्हा ओढला, थोडासाच, जसे एखाद्या दाराला खरेच कडी लागली आहे का ते बघावे.

"तीस," मी म्हणाले. "एक खाली."

त्यानंतर त्याने दांडा जवळजवळ सोडूनच दिला होता, हे मला तेव्हा कळले नाही.

निळा दिवा लागला. यान टेकले. इस्त्रीच्या खोलीत आरडाओरडा झाला, मायलिस रडत होती, इंगमार भिंतीवर हात आपटत होता. फोल्के बाहेर आला, सगळ्यांनी त्याला मिठ्या मारल्या. तो म्हणाला, "आधी नोंद."

आमच्याकडे कुठलेही मंडळ असो, मासे पकडणाऱ्यांचे किंवा वसाहतीचे, कामकाज लिहून झाले की दोघे जण ते पडताळून सही करतात. त्याशिवाय ते झालेच नाही असे धरतात. फोल्केने आयुष्यात असे शेकडो कागद पडताळले असतील. मोहिमेच्या नोंदीची पद्धतही त्यानेच घातली: संगणकातून निघालेला कागद पडताळणाऱ्याने मोठ्याने वाचायचा, ओळ न् ओळ. त्या वर्षी पडताळणारे होतो मी आणि मायलिस.

कॉफी ओतली गेली. मी वाचू लागले. तारीख, जागा, उतरवणारा. चौदावी ओळ कशाची आहे हे मला माहीत होते. ती छापायची असे फोल्केनेच पूर्वी सांगितले होते आणि छापण्याची आज्ञा मीच लिहिली होती. सकाळी मात्र ती माझ्या डोक्यातून साफ गेली होती.

"चौदा," मी वाचले. "शाळेची मदत, बंद."

कागदावर चालू होते. मायलिस माझ्या खांद्यावरून बघत होती. तिने कप खाली ठेवला. 

"इंधन?" फोल्केने विचारले.

"एकसष्ट सेकंद शिल्लक."

"मी पंचवीस धरले होते. फार झालं तर पस्तीस."

"चांगलंच आहे की मग!" इंगमार म्हणाला. "कंजूष माणसानं उतरवलं."

फोल्के हसला नाही. त्याने मान वळवली, म्हणजे त्याला माझा कान दिसत असणार. "तूवा, चौदावी ओळ पुन्हा वाच."

मी कागदाकडे बघत राहिले. कुणीतरी बनचा कागद चुरगाळत होते, ते थांबले.

"चालू," मी म्हणाले.

 मग मायलिस म्हणाली, "फोल्के, पोरीनं तुझ्यासाठी..."

"माहीत आहे कुणासाठी ते." त्याचा आवाज चढलेला नव्हता. "लिही. यान उतरले. उतरवणारा, शाळेची मदत. आणि वाच आता पुढचं, कॉफी गार होतेय."

मी पुढचे वाचले. आम्ही दोघींनी सही केली.

त्याला घरी सोडायला मी गेले. रस्त्यावर बर्फ वितळून पाणी झाले होते. मी त्याचा दंड धरला, त्याने धरू दिला. मी म्हणाले, "तू आपटला असतास."

"असेन."

"मग?"

"मग फुली आली असती," तो म्हणाला. "मायलिसच्या खाली. मला चाललं असतं."

"पुढच्या मार्चमध्ये पुन्हा करू. मी सभेत मांडते."

 दारापाशी पोचल्यावर त्याने किल्ली चाचपत कुलपात घातली आणि म्हणाला, "तो कडा मी तीन महिने शोधत होतो गं."

उन्हाळ्यात त्याच्या नजरेच्या कडाही गेल्या. सप्टेंबरच्या बैठकीला तो आला नाही. मी नियोजनाचे कागद घेऊन त्याच्या घरी जात असे, वाचून दाखवत असे. तो डोळे मिटून ऐकायचा आणि माझ्या इंधनाच्या हिशोबातल्या चुका सांगायचा. त्याची बायको आस्ता कुरकुरीत पावावर चीज लावून आणून द्यायची. त्या शनिवारबद्दल आम्ही कधी बोललो नाही. जानेवारीत, बर्फ काढताना, अंगणातच त्याचे हृदय थांबले.

फेब्रुवारीत आमची वार्षिक सभा असते. आस्ता त्याच्या नियोजनाच्या वह्या द्यायला आली. पेटी टेबलावर ठेवून ती फळ्यासमोर उभी राहिली. चष्मा लावला. वरून खालपर्यंत वाचले.

"फोल्केचं नाव अजून नाही लिहिलंत?" तिने विचारले.

आम्ही सगळे बुटांकडे बघू लागलो.

"राहूनच गेलंय ते," इंगमार म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "लिहायचंच आहे. आजच ठरवून टाकू. कुणाची हरकत?"

कुणाची नव्हती. मायलिस तळघराच्या झरोक्याकडे बघत होती.  त्याचे कामकाज लिहिले गेले: फोल्केचे नाव फळ्यावर, फुलीशिवाय. पडताळणाऱ्यांत पुन्हा मीच होते. इंगमारने कागद माझ्यापुढे सरकवला.

"जरा थांब," मी म्हणाले, आणि आस्ताला गाडीपर्यंत सोडायला गेले.

वसाहतीच्या पार्किंगमध्ये कुणी नव्हते. ती गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडू लागली. मी म्हणाले, "आस्ता, ते यान त्यानं नव्हतं उतरवलं. मी मदत चालू केली होती. नाव नाही ते म्हणून. माझ्यामुळे."

ती खरवडत राहिली. मग म्हणाली, "माहीत आहे मला. त्याच दुपारी सांगितलं त्यानं. जेवलाही नाही."

"मग तू आत..."

"मग काय? एक्कावन्न वर्षं राहिले मी त्याच्याबरोबर. मला त्याचं नाव हवं होतं तिथं. तुम्ही सगळे चांगली माणसं आहात, देऊन टाकाल, म्हणून आले." तिने खरवडणी झटकली. "तू बोलायला नको होतंस. एवढं एक वर्ष गप्प बसलीस, आज पण बसायचं होतंस."

"तो स्वतः असता तर त्याने..."

"तो नाही," ती म्हणाली. "मी आहे."

ती निघून गेली. मी तळघरात परत आले. सगळे कोट घालून उभे होते, माझ्या सहीसाठी थांबलेले. मी म्हणाले, मी सही करणार नाही.

"अगं, म्हातारीसाठी," इंगमार म्हणाला. "कुणाचं काय जातंय?"

"आपण बघितलं नाही त्याला उतरवताना," मी म्हणाले.

मायलिसने तो कागद उचलला, चार घड्या करून पर्समध्ये टाकला आणि दिवा बंद केला.

फळ्यावर त्या वर्षाची जागा रिकामीच आहे. आस्ता दुकानात कधी भेटते. ती थांबते, थंडी वाढली आहे म्हणते, मी हो म्हणते, आणि आम्ही आपापल्या टोपल्या घेऊन पुढे जातो.