गॅलरीत निवडलेला रंग

आमच्या देवघरात मसुराएवढा एक एलईडी तेवतो आहे, आणि त्याच्याकडे बघताना माझी मान उगाचच ताठ होते. तो मी जोडलाय. त्याच्या आधीचे दोन मीच जाळले, हेही खरं.

एलईडीला झेपेल एवढीच वीज पोचावी म्हणून तारेत रेझिस्टर जोडतात. तो किती वीज अडवणार, हे त्याच्या अंगावरच्या रंगीत पट्ट्या सांगतात. मला पिवळा-जांभळा-तपकिरी हवा होता. मी तो दिव्याखाली, चष्मा पुसून निवडला, आणि दोन्ही वेळा एलईडी भपकन उजळून कायमचा विझला. आता एकच उरला होता आणि संध्याकाळी धाकटी बहीण येणार होती. "दादा, वायरमन बोलाव" हे वाक्य ती घरूनच घेऊन निघते.

"द्या इकडे," म्हणत बायको रेझिस्टरची पुडी घेऊन गॅलरीत गेली. साडीला ब्लाउजपीस लावून बघायला ती दुकानाच्या पायरीवर येते, अगदी तशी.

"अहो, ह्याची तिसरी पट्टी काळी आहे. तपकिरी हा!"

"दिव्याखाली सारखेच दिसतात गं."

"म्हणून तर दुकानातल्या दिव्यावर मी कधी विश्वास ठेवत नाही."

रात्री दिवा लागायचा असेल, तर त्याच्या रेझिस्टरची निवड दिवसाउजेडी करावी लागते, हे जोडणीच्या कुठल्याच आकृतीत दाखवलेलं नव्हतं.

शेवटचा एलईडी लागला आणि लागलेलाच राहिला.

"दादा, तू केलास?" बहिणीने डोळे बारीक करून विचारलं.

"जोडला मी. निवड हिची," मी म्हणालो, आणि मान आणखी ताठ झाली.