टेप गळ्यात

शिवणकामाच्या सरकारी केंद्राच्या खिडकीबाहेर उभं राहून मी शेजारच्या सुशीलाची परीक्षा बघत होतो. नवा नियम आलाय. ज्याला काम येतं त्याची शाळा विचारायची नाही, नुसता हात बघायचा आणि दाखला द्यायचा. दाखला मिळाला तर सुशीलाला गणवेशाच्या कारखान्यात काम आहे.

ती ब्लाउजचं कापड वितीनं आणि बोटांनी मापत होती. परीक्षा घेणारी मुलगी म्हणाली, "मावशी, टेप वापरा की."

"आहे ना गळ्यात."

"गळ्यात कशाला मग?"

"गिऱ्हाइकाला बरं वाटतं."

मुलगी हसली नाही. तिच्या कागदावर टेपसाठी वेगळा रकाना होता. सुशीलानं कापलेले तुकडे तिनं स्वतः टेप लावून मोजले, पुन्हा मोजले. कुठंच चूक नव्हती. "हा कागद ज्यानं केला त्यानं कधी ब्लाउज शिवलेला नाही," असं म्हणत तिनं रकान्यात बरोबरची खूण केली.

काम करता करता माणूस शिकतं ते हातात मुरतं. सरकारला हे उशिरा कळलं. माझी बायको याच दारातून परत आली होती, आठवी पास नव्हती म्हणून. मी म्हणालो, "बरं झालं. घरी चूल कोण बघणार होतं?" ती पीठ मळायला बसली. आता ती नाही.

सरकारला मी रोज शिव्या देतो. त्यांना नियम बदलायला वर्षं लागली. मला माझा बदलायला एक संध्याकाळ पुरली असती.