जावाचे विदूषक आणि सकाळची बस

सकाळी न्यूझीलंडमधल्या आमच्या रोटोटुनाहून पोहायला निघाले, की बसमध्ये माझ्या शेजारी तो असायचा. तो ‘ते रापा’ नावाच्या भागातल्या दुधाच्या फॅक्टरीत कामाला. मूळचा इंडोनेशियातल्या जावा बेटावरचा. मांडीवरच्या डब्याला मोबाइल टेकवून तो चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ लाइव्ह बघायचा. इथे आमची सकाळ, तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटून खेळ ऐन रंगात आलेला असायचा.

एकदा त्यात भीमाचं नाव कानावर आलं, तशी मी पुणेरी तोऱ्यात म्हणाले, “हा तर आमचा!”

“पांडव तुमचेच, इबू,” तो म्हणाला. मला तो इबू, म्हणजे आई, म्हणायचा. मग त्याने पडद्यावरच्या चार बेढब विदूषकांवर बोट ठेवलं. “पण हे तुमच्याकडे नाहीत. हे आम्ही घडवले. पांडव चुकले, की हेच त्यांना ताळ्यावर आणतात.”

हे विदूषक आले, की परदेशातली जावाची माणसं कॉमेंटमध्ये आपला ठावठिकाणा लिहितात आणि विदूषक त्यांना नमस्कार सांगतात. त्या दिवशी त्यानेही काहीतरी टाइप केलं. थोड्या वेळाने जाड्या विदूषकाने वाकून नमस्कार केला आणि त्याच्या तोंडून “न्यूझीलंड” ऐकू आलं. माझा शेजारी ताठ बसला आणि त्याने जाकिटाची कॉलर नीट केली, जणू तिकडचा अख्खा मांडव त्याच्याकडेच वळून बघत होता.

विदूषक पुन्हा वाकला. या वेळी “इंडिया” ऐकू आलं.

“मी लिहिलं होतं, शेजारी पांडवांच्या देशाची इबू बसलीय,” तो म्हणाला.

मीही घाईघाईने ओढणी सारखी केली.